गिटारीची लय आणि घरचा ठेका

सांप्रत सुशिक्षित कुटुंबांतून एक नवा पाहुणा येऊन राहिला आहे. पूर्वीं दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत गवसणी घातलेला तंबोरा, भिंतीशीं टेकलेली पेटी आणि चुंबळीवर बसविलेला तबला दिसे. आतां त्यांच्याच शेजारीं, किंवा मुलांच्या खोलींत, गिटार उभी असलेली आढळते. कोठें ती वाढदिवसाची भेट म्हणून आलेली असते, कोठें परीक्षेंतील यशाचें बक्षीस म्हणून. पहिले दोन महिने घर तिच्या झंकारानें भरून जातें; तिसऱ्या महिन्यांत कुरकुर सुरू होते, आणि वर्ष पुरें होण्याच्या आंत पुष्कळ ठिकाणीं ती कपाटावर चढते. ह्या अकालीं निवृत्तीचीं कारणें नाना प्रकारचीं सांगितलीं जातात: अभ्यास वाढला, बोटें दुखतात, शिक्षक मिळत नाहीं. परंतु आमच्या पाहण्यांत जीं घरें आलीं त्यांवरून बोलावयाचें तर खरें कारण बहुधा एकच असतें, आणि तें कोणा वडील माणसाच्या तोंडून एका लहानशा वाक्यांत बाहेर पडलेलें असतें: "तुला मुळीं तालच नाहीं."

गेल्या अंकांत आम्ही पेटीच्या भात्याविषयीं चार शब्द लिहिले होते. आज ह्या वाक्याचा विचार करावा असें योजिलें आहे. कारण तें जितकें सहज उच्चारलें जातें तितकेंच खोल जाऊन रुतून बसतें. सूर चुकला तर आपण "मेहनत कर, येईल" असें म्हणतों. पण ताल चुकला कीं, तो जणूं रंग-उंचीप्रमाणें जन्मानेंच मिळणारा गुण असून ह्या मुलाच्या वांट्यास आला नाहीं, असा निकाल देऊन मोकळे होतों. ज्या घरांत आजोबा, काका, आत्या, चुलतभावंडें अशीं दहा माणसें एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत असा निकाल दहा तोंडांनीं फिरतो. मग तें मूल भजनाच्या वेळीं टाळ हातीं घेत नाहीं, सहलींत गाणीं सुरू झालीं कीं मागें जाऊन बसतें, आणि मोठेपणींहि "आम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं" असें हंसून सांगतें. एवढें नुकसान एका अविचारी वाक्यानें व्हावें ही गोष्ट लहान नव्हे.

हा निकाल न्यायाचा आहे काय? शास्त्राचें उत्तर "नाहीं" असें आहे. २००९ सालीं बुडापेस्ट व ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनीं नवजात अर्भकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांस ढोलांच्या एका साध्या ठेक्याचीं आवर्तनें ऐकवून, मधूनच एखाद्या आवर्तनांत समेचा आघात गाळण्यांत येई. ज्या क्षणीं तो अपेक्षित आघात पडत नसे त्या क्षणीं बाळांच्या मेंदूंतील विद्युत्‌लहरींत फरक पडलेला आढळला. म्हणजे ज्या जीवाचें अद्याप बारसेंहि झालेलें नाहीं, त्यालासुद्धां सम कोठें यावी ह्याची चाहूल असते! उलटपक्षीं, ज्याला ठेका मुळींच सांपडत नाहीं असा मनुष्य इतका विरळा, कीं माँट्रियल येथील संशोधकांस असा एक तरुण आढळला तेव्हां २०११ सालीं त्याच्यावर स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आपल्या घरांतील मूल तसलें असण्याचा संभव फारच थोडा. रस्त्यानें वाजतगाजत वरात निघाली असतां ज्याचे पाय आपोआप हलतात त्याच्या ठायीं ताल आहे; तो अजून त्याच्या हातांपर्यंत पोंचलेला नाहीं, एवढेंच.

मग गिटार हातीं घेतली कीं तेंच मूल अडखळतें कां? ह्याचें कारण वाद्याच्या रचनेंत आहे. गिटारीवर दोन हातांचीं कामें अगदीं निराळीं असतात. डावा हात पडद्यांवर तारा दाबून स्वरांचा मेळ, ज्याला कॉर्ड म्हणतात तो, धरतो. उजवा हात तारा छेडून त्याला ध्वनि देतो. डावखुऱ्या वाचकांनीं हें उलट समजावें. शिकणाराचें सगळें लक्ष डाव्या हाताकडे लागलेलें असतें. कारण त्याचींच बोटें दुखतात, चुकतात, त्यांच्याच जागा पाठ कराव्या लागतात, आणि शिकविणाराहि त्यांनाच टोकीत असतो. परिणाम असा होतो कीं, कॉर्ड बदलण्याची वेळ आली म्हणजे उजवा हात डाव्याची वाट पाहत थांबतो. डाव्याला अर्धा सेकंद उशीर झाला कीं ताल अर्धा सेकंद लांबतो, आणि पुढच्या सोप्या जागेंत ती उणीव भरून काढण्यासाठीं वाजविणारा धांवूं लागतो. वस्तुतः ताल हें उजव्या हाताचें राज्य. पण तो बिचारा डाव्याचा चाकर होऊन बसलेला असतो.

आमच्या परिचयाच्या एका घरांत चौदा वर्षांची मुलगी अशीच वाजवीत असे. तिला पंधरा-वीस गाणीं येत होतीं, बोटें चपळ होतीं, कॉर्ड स्वच्छ उमटत. परंतु तिच्याबरोबर कोणालाहि गातां येत नसे. गणपतींत घरची मंडळी जमली असतां तिच्या काकूंनीं एक गाणें सुरू केलें, आणि दुसऱ्या ओळीलाच दोघींची फारकत झाली. सर्व जण हंसले. आजोबा भजनी मंडळींत चाळीस वर्षें पखवाजाच्या शेजारीं बसलेले. त्यांनीं तें सुप्रसिद्ध वाक्य उच्चारलें, आणि गिटार सहा महिने पलंगाखालीं गेली. पुढें एके दिवशीं मुलीच्या आईनें धीर करून सासऱ्यांस विचारलें, "मामंजी, तिला ताल नाहीं हें खरें, पण तो तिला द्यायचा कोणी?" म्हातारबुवा कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवसापासून मात्र रात्रीं जेवणें झालीं कीं ते पंधरा मिनिटें नातीसमोर बसून टाळी देऊं लागले. त्यांनीं तिला प्रथम जें सांगितलें तें आम्हांस फार मोलाचें वाटतें: "बाळ, चुकलीस तरी चालेल, पण थांबूं नकोस." गिटारीच्या लयीचें शास्त्र ह्या सूचनेंत आलें आहे, आणि पुढील मजकूर म्हणजे तिचाच विस्तार होय.

थांबूं नये म्हणजे नेमकें काय करावें? भिंतीवरील जुन्या घड्याळाचा लंबक डोळ्यांपुढें आणावा. उजवा हात सैल सोडून, तसाच सारख्या अंतरानें, तारांवरून खालीं-वर, खालीं-वर हलत ठेवावा. तोंडानें "एक नि, दोन नि, तीन नि, चार नि" असें म्हणावें. प्रत्येक आंकड्यावर हात खालीं, प्रत्येक "नि"वर हात वर. हा हात तारांना लागो अथवा न लागो, त्याचें हेलकावणें बंद पडतां कामा नये. जेथें आवाज पाहिजे तेथें तो तारांस स्पर्श करून जाईल. जेथें नको तेथें तारांच्या पुढून, हवेंतून जाईल. पण जाईल तो वेळेवरच. निरनिराळ्या गाण्यांना साथ करतांना गिटारीवर जे निरनिराळे ठेके ऐकूं येतात, ते बहुतेक ह्या एकाच हेलकाव्यांतून, कांहीं आघात ठेवून व कांहीं गाळून, तयार झालेले असतात.

उदाहरणार्थ, नवशिक्यांस नेहमीं शिकविला जाणारा एक ठेका घ्या. "एक"वर हात खालीं. "दोन"वर खालीं व त्याच्या "नि"वर वर. "तीन"वर हात खालीं येतो, पण तारांस लागत नाहीं. त्याच्या "नि"वर वर. "चार"वर खालीं, आणि शेवटच्या "नि"वर वर. ऐकणारास ह्यांत सहा आघात ऐकूं येतात. वाजविणाराचा हात मात्र आठ वेळां हललेला असतो. जो सहाच वेळां हात हलवून हा ठेका काढूं पाहतो तो "तीन"पाशीं हमखास घसरतो. कारण मधली मोकळी जागा मोजण्यास त्याच्यापाशीं कांहीं साधनच उरत नाहीं.

डाव्या हाताचा अडथळा दूर करण्यासाठीं पहिला आठवडा त्याला रजाच द्यावी. डावीं बोटें तारांवर अलगद आडवीं टेकावीं, दाबूं नयेत. म्हणजे छेडल्यावर स्वर न निघतां नुसता "चक् चक्" असा कोरडा आवाज येतो. ह्या मुक्या तारांवर वरील ठेका पांच मिनिटें न थांबतां वाजवितां आला, म्हणजे मग एक कॉर्ड घ्यावी. ई मायनर दोन बोटांत धरतां येते, ती ह्या कामीं बरी. त्यानंतर दुसरी कॉर्ड घेऊन चार-चार मात्रांनीं अदलाबदल करावी, आणि येथें मन घट्ट करावें: बोटें जागेवर पोंचलीं नाहींत तरी उजवा हात पुढें जाऊं द्यावा. एखादा आघात मोकळ्या तारांवर पडेल, एखादा बसका उमटेल, हरकत नाहीं. कसलेले वादकहि कॉर्ड बदलतांना शेवटचा "नि" पुष्कळदां मोकळ्या तारांवरच काढतात आणि तेवढ्या अवकाशांत बोटें हलवून घेतात. ऐकणाराला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. बदल तरीहि वेळेंत बसत नसेल तर सबंध ठेक्याची गति उतरवावी, परंतु अध्येंमध्यें थबकूं नये. चुकलेला स्वर क्षणांत विरून जातो. मोडलेला ताल गाणाराला, ऐकणाराला आणि वाजविणाराला एकदमच अडखळावयास लावतो.

आतां आपल्या घरांतच जें धन आहे त्याकडे वळूं. आपल्या संगीतांत ताल हातावर देतात आणि तोंडानें म्हणतात. तबला शिकणारा बोल आधीं पढतो, मग वाजवितो. जें जिभेवर चढलें नाहीं तें बोटांत उतरत नाहीं, असा गुरुजनांचा दंडक आहे. भातखंडे यांच्या स्वरलिपींत समेला फुलीची व खालीला शून्याची खूण असते, ती ज्यांनीं शाळेंत थोडेंफार संगीत गिरविलें आहे त्यांस ठाऊक असेलच. ही खाली म्हणजे शांतता नव्हे. तेथें टाळी न वाजवितां हात मोकळा सोडतात, पण मात्रा चालूच राहते. गिटारीच्या ठेक्यांत "तीन"वर हवेंतून जाणारा हात आणि तालांतील मोकळा सोडलेला हात ह्यांची शिकवण एकच आहे. ज्या मुलाला आजोबांनीं खाली दाखविली, त्याला गिटारीवरील रिकामी मात्रा वेगळी समजावून सांगावी लागत नाहीं.

आठ मात्रांचा केरवा बहुतेक घरांत कोणाला तरी येत असतोच: धा गे ना ती, न क धि न. "एक नि दोन नि" ह्या आठ हालचालींवर हे आठ बोल बरोबर बसतात. मुलानें ते प्रथम हातावर म्हणावे. "धा"वर टाळी, पांचव्या मात्रेच्या "न"वर खाली. मग गिटारीवर "धा"ला अंगठ्यानें जाड तार छेडावी आणि पुढील बोलांना बारीक तारा. खालीच्या "न"पाशीं जाड तारेस हात लावूं नये. डग्ग्याचा घुमारा समेला जसा भरतो आणि खालीला मावळतो, तसाच भास ह्या युक्तीनें गिटारींतून होऊं लागतो, आणि आपण आवर्तनांत कोठें आहों हें मुलाला न मोजतां कळूं लागतें. सहा मात्रांचा दादराहि, धा धी ना, धा ती ना, असाच बसवावा. गोव्याकडील वाचकांस हें नवें वाटणार नाहीं. तेथें मांडो गातांना गिटार, व्हायोलिन आणि घुमट ह्यांची साथ असते. मांडोची संथ चाल सहा मात्रांची, आणि त्यामागून येणारें दुलपद सहाच्याच जलद चालीचें. मातीच्या घुमटावरील थाप आणि गिटारीच्या तारा एकाच अंगणांत एकमेकींना धरून चालत आल्या आहेत.

कोणी शंका घेतील कीं, परकीय वाद्याला देशी ठेका शिकविणें ही ओढाताण नव्हे काय? त्यांस आम्ही १९६७ सालच्या "कॉल ऑफ द व्हॅली" ह्या ध्वनिमुद्रिकेचें स्मरण देतों. शिवकुमार शर्मा यांचें संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी ह्यांच्या बरोबरीनें त्यांत ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आहे, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. पुढें विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारींत फेरफार करून मोहनवीणा सिद्ध केली, आणि १९९४ सालीं त्यांस अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें. हीं दोन्ही वाद्यें आडवीं ठेवून, तारांवर कांडी फिरवून वाजविलेलीं. तेव्हां त्यांची वादनरीति आपल्या मुलांच्या गिटारीहून निराळी. परंतु सहा तारांच्या ह्या वाद्याला आपला ताल परका नाहीं, हें त्यांवरून दिसून येतें.

हात आणि जीभ ह्यांच्या जोडीला पायहि हवेत. जिनीव्हा येथील संगीतविद्यालयांत एमिल झाक-दालक्रोझ (१८६५-१९५०) हे १८९२ पासून स्वरमेळाचें शास्त्र शिकवीत. ज्या विद्यार्थ्यांना कागदावरचें संगीत उत्तम कळे त्यांचें वादन तालांत लंगडें कां पडतें, हा प्रश्न त्यांस पडला. आणि लय ही प्रथम सर्व शरीरानें अनुभवावयाची वस्तु आहे असें ठरवून ते विद्यार्थ्यांस संगीताच्या तालावर चालावयास लावूं लागले. १९११ सालीं जर्मनींत ड्रेस्डेनजवळ हेलराऊ येथें त्यांच्या पद्धतीच्या शिक्षणासाठीं खास इमारत उभी राहिली, आणि १९१५ सालीं जिनीव्हांत त्यांची संस्था निघाली. अलीकडील मेंदुविज्ञानानें ह्या कल्पनेस बळकटीच दिली आहे. कारण मनुष्य स्वस्थ बसून नुसता ठेका ऐकत असतांनाहि त्याच्या मेंदूंतील हालचालीशीं संबंध असलेले भाग जागे होतात, असें आढळून आलें आहे. घरांत ह्यासाठीं कांहीं खर्च नको. गच्चीवर किंवा ओटीवर पावलागणिक एक मात्रा धरून चालावें, आणि पाऊल न बदलतां एका पावलांत दोन टाळ्या, मग तीन, मग चार वाजवाव्या. धाकट्या भावंडांस हा खेळ वाटेल, आणि तो तसाच वाटूं द्यावा.

मेट्रोनोम नांवाच्या यंत्राविषयींहि येथें सांगितलें पाहिजे. ॲम्स्टरडॅम येथील विंकेल यांनीं १८१४ सालीं त्याची मूळ युक्ति शोधिली, आणि मेल्त्सेल यांनीं ती उचलून १८१५ सालीं पेटंट मिळविलें. १८१७ मध्यें खुद्द बेथोव्हेननें आपल्या सिंफनींच्या गति ह्या यंत्राच्या आंकड्यांनीं प्रसिद्ध केल्या. आतां तें लांकडी यंत्र विकत घ्यावें लागत नाहीं. मोबाईलवर तें फुकट मिळतें. पुष्कळ मुलें तें चालू करून त्याच्या मागून फरफटत जातात, आणि "यंत्रानेंहि सुधारणा होत नाहीं" म्हणून तें बंद करतात. त्यांस एक गोष्ट सांगितलेली नसते. ठोक्याबरोबर बोट आपटावयास सांगितलें असतां माणसाचें बोट बहुधा ठोक्याच्या किंचित् आधीं, सेकंदाच्या कांहीं शतांशांनीं, पडतें, असें प्रयोगांत वारंवार दिसून आलें आहे. ह्याचा अर्थ असा कीं, ठोका ऐकून मग त्यावर कोणी वाजवीत नाहीं. तो येण्यापूर्वींच मनांत ठरलेला असतो. यंत्राचा उपयोग आपला अंदाज पडताळून पाहण्याकडे करावा, त्याच्या काठीनें चालण्याकडे नव्हे.

म्हणून त्याची मदत हळूहळू कमी करीत जावी. प्रथम मिनिटाला ६० ठोके ठेवून प्रत्येक मात्रेला एक ठोका घ्यावा. हें नीट बसलें म्हणजे चार-चारांनीं गति वाढवीत ८० पर्यंत यावें. मग गाण्याची गति ८० च ठेवून यंत्र ४० वर आणावें, आणि त्याचा ठोका "दोन" व "चार" ह्यांवर पडतो असें धरून "एक" व "तीन" आपले आपण भरावे. शेवटीं मोबाईलवरील यंत्र उतरत असेल तर २० वर न्यावें. आतां सबंध आवर्तनांत एकच ठोका, तोहि समेवर. मधल्या तीन सेकंदांत कोणी सोबती नाहीं. त्या तीन सेकंदांनंतर आपली सम आणि यंत्राची सम एकत्र आली, कीं मुलाच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसतें तें पाहण्यासारखें असतें. संथ गतींत वाजविणें जलद गतीपेक्षां कठीण असतें, हेंहि त्याला ह्याच वेळीं कळतें.

घाई हा तालाचा घरोघरीं आढळणारा शत्रु आहे. आरतीचेंच उदाहरण घ्या. पहिलें कडवें मोठ्या समाधानानें सुरू होतें. तिसऱ्याला टाळ्या धांवूं लागतात, आणि शेवटीं झांजवाला व गाणारे ह्यांची शर्यतच लागते. मुद्दाम गति वाढविलेली कोणीहि नसते. दोघांनीं मिळून बोटांनीं ठेका धरला असतां तो एकट्याच्या ठेक्यापेक्षां अधिक वेग घेत जातो, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगांतहि दिसलें आहे. गिटारीवर ही घाई विशेषतः आवाज वाढवितांना शिरते, आणि आवाज उतरवितांना गति मंदावते. ह्यावर उपाय म्हणजे जोर आणि वेग ह्यांची गांठ सोडविणें. एकाच गतींत चार आवर्तनें अगदीं हलक्या हातानें आणि चार भरघोस हातानें, असें आळीपाळीनें वाजवावें.

आपली चूक आपणांस वाजवितांना ऐकूं येत नाहीं. कान हातांच्या दिमतीस लागलेला असतो. यासाठीं आठवड्यांतून एकदां वादन मोबाईलवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशीं ऐकावें, आणि ऐकतांना स्वतः टाळी द्यावी. टाळी आणि गिटार जेथें वेगळ्या होतात त्या जागा कागदावर टिपून ठेवाव्या. बहुधा त्या दोन-तीनच निघतात, आणि दर आठवड्यास त्याच त्या निघतात. "ताल नाहीं" ह्या अवाढव्य दोषाचें रूप इतकें लहान असतें, हें पाहून मुलाला धीर येतो.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोबाईलवरील शिक्षकाबरोबर खोलीचें दार लावून वाजविणारास लय यावी तशी येत नाहीं. कारण तो शिक्षक त्याचें ऐकत नाहीं. अमेरिकेंतील काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांत फ्रेडी ग्रीन हे गिटारवादक १९३७ पासून १९८७ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, होते. एवढ्या काळांत ते एकटे पुढें येऊन वाजवीत आहेत असे प्रसंग अगदीं विरळा. विजेनें आवाज न वाढविलेली गिटार घेऊन ते मात्रेमात्रेला एक, असे चार सारखे आघात देत राहत, आणि सगळा वृंद त्यांवर उभा असे. श्रोत्यांस त्यांची गिटार पुष्कळदां वेगळी ऐकूंहि येत नसे. एकत्र कुटुंबांत अशीं माणसें असतात. त्यांचें नांव कोणी विशेष घेत नाहीं, पण तीं चार दिवस परगांवीं गेलीं कीं घराची घडी विस्कटते. ताल म्हणजे दुसऱ्यासाठीं वेळेवर हजर असणें, हें ज्याला उमगलें त्याची गिटार सुधारल्यावांचून राहत नाहीं. म्हणून मुलाच्या वादनाला कोणीतरी गाणारें पाहिजे. आई, काकू, आत्या, जी कोणी गुणगुणत असेल तिनें संध्याकाळीं दहा मिनिटें त्याच्यापाशीं बसावें.

एकूण रोजचा अर्धा तास पुरे. पांच मिनिटें चालणें व बोल म्हणणें, पांच मिनिटें मुक्या तारा, दहा मिनिटें यंत्राबरोबर दोन कॉर्डची अदलाबदल, आणि दहा मिनिटें कोणाच्या तरी गाण्याला साथ. वर ज्या मुलीची हकीकत दिली तिच्या आजोबांनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें, आणि दोन-अडीच महिन्यांत काकूंचें गाणें दुसऱ्या ओळीच्या पुढें जाऊन शेवटापर्यंत पोंचलें.

घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं तीन महिने निकाल तहकूब ठेवावा. बोलावयाचेंच असेल तर "ताल नाहीं" असें न म्हणतां "तिसऱ्या मात्रेला घाई झाली" किंवा "कॉर्ड बदलतांना हात थांबला" असें म्हणावें. पहिल्या वाक्यानंतर मुलाला करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. दुसऱ्यानंतर तें लगेच गिटार पुन्हां उचलतें. आणि ज्यांना स्वतःला टाळी देतां येते, त्यांनीं ती हातांत ठेवून काय करावयाचें आहे?

पुढील अंकीं पावसाळ्यांतील तबल्याच्या निगेविषयीं लिहूं.